गुरुवारचं स्टूल

एसटी तामलवाडीच्या फाट्यावर थांबली तेव्हा शुभांगीबाईंनी स्टुलाचा सांगाडा डाव्या काखेत मारला आणि जपून उतरल्या. उजवा हात पदराखाली होता.

फाट्यावरच्या ढाब्यापुढं बाजा मांडलेल्या होत्या. नव्यानं विणलेल्या, छान ताणलेल्या. बाई मनातल्या मनात चडफडल्या. गावात विणणारा माणूस असताना ढाबेवाल्या शांतलिंगनं हे काम बाहेर दिलंच कसं? परतताना आज त्याला चार शब्द सुनवायचेच, असं त्यांनी ठरवून टाकलं.

विणणारा माणूस म्हणजे श्रीमंत. आधी ट्रॅक्टर चालवायचा. डोळे गेल्यावर तुळजापुरात दिव्यांगांना काम शिकवणाऱ्या केंद्रात आला आणि बाईंच्या हाताखाली दोरीचं विणकाम शिकला. बाईंची ती शेवटची तुकडी. पुढं त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. दोरी ओढून दाखवता येईना, तेव्हा त्यांनी स्वतःच राजीनामा दिला. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू कपाटावर धूळ खात पडला. घरात बोलायला कुणी नव्हतं. दिवसदिवस स्वतःचाही आवाज कानावर पडत नसे.

एकदा बाजारात श्रीमंतची आई सिताबाई भेटली. "शिकला खरं, पर काम कुणी देईना. भिंतीकडं तोंड करून बसतुया," म्हणाली.

बाईंना राहवलं नाही. घरातल्या जुन्या स्टुलाची दोरी सोडली, सांगाडा घेऊन तामलवाडी गाठली आणि ऑर्डर आलीय म्हणून ठोकून दिलं. तेव्हापासून दर गुरुवारी हेच. श्रीमंतनं विणलेलं स्टूल घरी न्यायचं, एकेक गाठ सोडायची आणि तेच स्टूल दुसऱ्या गावाच्या नावानं परत आणायचं. ओळखू येऊ नये म्हणून एकदा त्यांनी सांगाड्याला हिरवा रंग द्यायला घेतला. निम्मा दिल्यावर स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

सुरुवातीच्या गाठी इतक्या सैल, की डाव्या हातानं ओढल्या की सुटायच्या. पोराचा हात अजून बसला नाही, म्हणून बाईंना वाईट वाटे. पण पुढं गाठी घट्ट होत गेल्या. हल्ली तर त्या एकट्या डाव्या हाताला दाद देत नसत. उजव्या हातानं सांगाडा धरावा लागे, अंगठा रेटावा लागे. बोटं ठणकत, तरी बाई खूश होत. श्रीमंतचा हात बसत होता!

शिवाय इथं हात लपवावा लागत नसे. बाकी सगळ्यांची नजर आधी त्या हाताकडंच जायची. श्रीमंतला झटक्याचं त्यांनी सांगितलंच नव्हतं, आणि सिताबाईलाही बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं.

"या बाई," पायरव ऐकूनच श्रीमंत ओसरीवरून म्हणाला. "आज कुठलं?"

"जळकोटचं."

"मागल्या बारीला बेंबळीचं व्हतं. लोक लई बसायला लागलेत की."

बाईंनी हसू दाबलं. मजुरी पुढं केली, तर नेहमीसारखं त्यानं "राहू द्या, बघू दिवाळीला" म्हणून उडवून लावलं.

सिताबाईनं चहा आणून ठेवला. एरवी ती कपाचा कान डावीकडं करून ठेवायची. आज उजवीकडं होता. विसरली असेल, म्हणून बाईंनी तसाच उजव्या हातानं उचलला.

श्रीमंतची बोटं सांगाड्यावर सरसर फिरू लागली. बाईंना त्याचं फार कौतुक वाटलं.

"श्रीमंत, आज मी त्या शांतलिंगला गाठणार आहे. ढाब्याचं काम तुलाच मिळायला हवं."

त्याचे हात थांबले. "नगा जाऊ, बाई."

"का? भितोस कशाला?"

"त्या बाजा म्याच विणल्यात. दसऱ्यापासनं तिथंच कामाला हाय म्या. गुरुवारची तेवढी सुट्टी मागून घेतलीया."

म्हणजे याला गरजच नव्हती. आता इथं यायचं कारण संपलं. तुळजापूरचं ते मुकं घर बाईंच्या डोळ्यांपुढं आलं.

"मग हे स्टूल?" त्यांनी कसंबसं विचारलं.

श्रीमंतनं दोरीचं टोक चाचपलं. "मागल्या बारीच्या गाठी कशानं सोडल्या? दातानं?"

"बोटांनी," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"उजव्या?"

बाई हळूच म्हणाल्या, "हो."

श्रीमंत हसला. सांगाड्याला पाय रेटून त्यानं दोरी ओढली.

"मंग ह्या बारीला आणखी जरा आवळून बांधतो."