रजईखालचा भात

पोरांनो, यातलं एक अक्षर खोटं निघालं तर माझी जीभ झडो. कोरियावर राज्य करणाऱ्या जपान्यांनी दादाला कोळशाच्या खाणीत राबायला नेलं, तेव्हापासून आई त्याच्या पितळी वाडग्यात रोज भात भरायची आणि चुलीजवळच्या गरम जमिनीवर रजईखाली ठेवायची. आमच्यात दूर गेलेल्याचा भात गार होऊ देत नाहीत. मग बंदुकीच्या गोळ्यांसाठी घरोघरचं पितळ न्यायला जपान्यांचा पोलीस आला, तोही आपलाच कोरियन. आई घागरा पसरून वाडग्यावर कोंबडीसारखी बसली. “काकू, उठा.” “कशी उठू रे? कळा सुरू झाल्यात.” “पन्नाशीत?” “तुझी आईही उशिराच बाळंत झाली, म्हणून तर तू अर्धवट.” तो खदखदून हसला आणि रिकाम्या हातानं गेला. बरं, ते ‘रिकाम्या हातानं’ मी पदरचं घातलं. त्यानं भात आईच्या ओच्यात ओतून वाडगा नेला. भात गार होईपर्यंत आई उठली नाही.