सहा कोटी

"डावीकडे टोचा. उजवीकडे आता जागा नाही," ती म्हणाली आणि कुर्ता वर धरून भिंतीकडे बघत राहिली.

नवऱ्याने सुई टोचली. "फार दुखलं का गं?" तो दर वेळी विचारायचा. 'नाही' म्हणायचं तिला पाठ झालं होतं.

आठवा महिना लागला होता. दिवस गेल्याचा नव्हे, इंजेक्शनांचा. अंग असं सुजलं होतं की बोटातली अंगठी निघत नव्हती. पोटावर काळेनिळे डाग. लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की डोकं ठणकायचं आणि एकाच्या दोन पेशी दिसायच्या. बारा वर्षांत तिच्या मोजण्यात चूक निघाली नव्हती. तिच्या कागदांवर मोठे साहेब न वाचता सही करायचे. आता मात्र तीच कामाच्या मध्ये उठून बाथरूममध्ये रडून यायची.

"आमच्याकडे खोट नाही हो," सासूबाई शेजारणीला ऐकवायच्या. "सहा कोटी आलेत. कागद आहे." शुक्रजंतूंचा हा आकडा त्या अशा सांगायच्या, जणू पोराने परीक्षेत पहिला नंबर काढला.

त्यांचंही एक दुखणं होतंच. थोरल्या मुलाच्या कागदावर शून्य आलं होतं. त्याला त्या इतकं घालूनपाडून बोलल्या, की एक दिवस तो घरातून गेला तो गेलाच. तपासणीच्या सकाळी धाकट्याला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, चहाही उतरला नव्हता. "दादासारखं निघालं तर मीही इथे राहणार नाही," एवढंच तो बोलला होता. मग सहा कोटी आले आणि घराने सुटकेचा श्वास सोडला. त्या दिवसापासून सगळ्या सुया तिच्या वाट्याला आल्या.

मंगळवारी सोनोग्राफी करताना डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अंडाशय सुजलंय. पोटात पाणी धरायला लागलंय. हे जिवावर बेतू शकतं." त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं. "दर महिन्याला बीज नीट तयार होतं, वेळेवर फुटतं. तुमच्यात मला काहीच सापडत नाही. यांची तपासणी जुनी झाली. पुन्हा करू, आमच्याकडेच."

"करा की. दहादा करा," नवरा म्हणाला. "हिचे हाल बघवत नाहीत मला."

"नको."

दोघांनीही तिच्याकडे वळून पाहिलं.

"म्हणजे, त्यांचं चांगलंच आहे," ती कुर्ता सारखा करत म्हणाली. "खोट माझ्यातच असणार. सूज उतरू द्या, मग अजून एक महिना इंजेक्शनं द्या."

"सोसेल?"

"सोसेल."

बाहेर बाकावर बसल्यावर नवऱ्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे भरून आले होते. "माझ्यासाठी किती सोसतेस गं," तो म्हणाला.

ती कसनुशी हसली. गेल्या वर्षी एका दुपारी तिने लॅबमध्ये एकाच नमुन्याच्या पाच काचपट्ट्या लावून पाहिल्या होत्या. पाचही कोऱ्या होत्या. मग दाराला आतून कडी घालून तिने पेन उचललं आणि नवऱ्याच्या नावापुढे लिहिलं: सहा कोटी.