गॅरेजची जमीन

समिधाने पान्हा खांद्याएवढा उंच धरला आणि सोडून दिला. ठण्ण आवाज झाला. दोघं खाली वाकून बघू लागले.

"याचा टवका उडाला," हरेश म्हणाला. "हा बाद."

पळसदरीच्या त्यांच्या गॅरेजात मागच्या भिंतीलगत कोटिंगवाला जमिनीवर द्यायच्या लेपाचे तीन नमुने लावून गेला होता. पाटाएवढे चौकोन. एक चकचकीत, वरून बघणाऱ्याचं तोंड दिसेल असा. एकात रंगीत कपच्या, टवका उडाला तो हाच. एकात बारीक वाळू मिसळलेली. बाकीची जमीन सिमेंटची, जागोजाग उखडलेली, तेल पिऊन काळी पडलेली. ती सगळीच आता नवी करायची होती. नमुने पुरते वाळले तशी नवराबायकोने आज दुपारी त्यांची परीक्षा मांडली होती.

पेट्रोल ओतून झालं. ब्रेक ऑइलचा बोळा ठेवून झाला. साधा रंग त्याने फुगून येतो, पण उरलेले दोन्ही नमुने जागचे हलले नाहीत. समिधाने नखाने खरवडून पाहिलं, मग नखाकडे पाहिलं.

"चकचकीतच करू," हरेश म्हणाला. "बंगलेवाली गिऱ्हाइकं गाडी आत घालताना पयली जमीन बघतात गं."

"आवडलाय तर मलापण तोच. पण तेल सांडल्यावर?"

"ते पण बघू."

शटरच्या बाहेर खुर्ची टाकून हरेशचे वडील बसले होते. हे गॅरेज आबाजींनीच उभं केलेलं. गेल्या वर्षी इथे काम करताना ते पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. चक्कर आली असणार, असं हरेशने दवाखान्यात सांगितलं. डॉक्टरांनी वय विचारलं आणि मान हलवली. पुढे विचारणाऱ्याला आबाजीही तेच सांगू लागले. पायाने चालता येऊ लागलं, पण गाडीला हात लावू द्यायला कोणी तयार नव्हतं. साधा रस्ता ओलांडायचा तरी कुणी ना कुणी सोबत निघायचं. मग ते आत यायचेच बंद झाले.

हरेशने जुनं इंजिन ऑइल दोन्ही चौकोनांवर पसरलं आणि चपलेसकट चकचकीतवर पाय ठेवला. पुढचं त्याला कळलंच नाही. शेजारच्या गाडीचा आरसा हाताला लागला म्हणून तो वाचला. समिधा तोंडाला पदर लावून हसत सुटली.

"काय झालं रं?" बाहेरून आबाजींनी विचारलं.

"काय नाय, बाबा. पाय सरकला."

"कसा सरकला?"

"कसा म्हणजे? सरकला."

"पुढं गेला का बाजूला?"

हरेशने समिधाकडे पाहिलं. आबाजी खुर्चीतून उठले होते. काठी टेकत ते शटरपर्यंत आले, उंबरठ्याशी थोडे थांबले आणि आत शिरले. थेट नमुन्यांपाशी जाऊन त्यांनी काठी भिंतीला लावून ठेवली.

"धरा मला. दोन बाजूंनी."

"बाबा, येडं झालाव काय? खुब्यात सळई हाय तुमच्या!"

"म्हणून तर धरा म्हणतोय. मला पडायचं नाय. मला बघायचंय."

समिधाने हात पुसले आणि त्यांचा एक दंड घट्ट धरला. "अहो, धरा ना," ती नवऱ्याला म्हणाली.

आधी आबाजींनी वाळूच्या चौकोनावर पाय ठेवला. टाच दाबली, चवडा दाबला. तेलातही पाय रुतून बसल्यासारखा राहिला. "इथं नाय सुटत," ते स्वतःशीच म्हणाले. मग तोच पाय चकचकीतवर टेकवून त्यांनी हळूहळू भार टाकला.

पाय निसटला. आबाजींचं सगळं वजन दोघांच्या हातांवर आलं.  हरेशने वडिलांना वर ओढून उभं केलं आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. आबाजी मात्र आपल्या पायाकडे बघत होते.

"अंधारी नाय आली," ते म्हणाले.

"काय?"

"आत्ता. डोळ्यांपुढं अंधारी नाय आली. घाम नाय फुटला. सगळं दिसत व्हतं मला, तुझी गाडी, तो टायर. नुसता पाय गेला." त्यांनी मान वर केली. "त्या दिवशी बी असंच सगळं दिसत व्हतं, हरेश. चक्कर नव्हती ती."

 हरेशने फडकं घेतलं आणि तेल पुसायला खाली बसला.

"पुसू नको रं. परत एकदा."

या वेळी हरेशनेच आधी हात पुढे केला. पाय परत तसाच सुटला आणि आबाजी मोठ्याने हसले. असं हसणं समिधाने लग्न होऊन आल्यापासून ऐकलं नव्हतं.

तिने तिथूनच कोटिंगवाल्याला फोन लावला. वाळूचा नक्की केला, असं सांगितलं. रंग कुठला, त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगू लागला, "ताई, काळाच घ्या. सगळे गॅरेजवाले तोच घेतात. तेल सांडलं तरी समजत नाय."

आबाजी तोवर उघड्या बॉनेटखाली वाकले होते. हरेशने बायकोच्या हातातून फोन घेतला.

"काळा नको," तो म्हणाला. "पार फिका द्या. सांडलेलं दिसलं पायजे."