विहिरीवरचा दोर

पायलच्या होडीला मागच्या बाजूने दोर बांधलेला होता आणि त्याचं दुसरं टोक काठावर तिच्या आईच्या, तृप्तीच्या हातात होतं.

दर रविवारी तलावावर सूरज सर गावातल्या लेकरांना शिडाची होडी चालवायला शिकवत. आजवर ते होडीत सोबत बसायचे. आज पायलने स्वतः होडी न्यायची होती, तीही पुढे छोट्या प्रियदर्शनीला बसवून. दोराशिवाय पाठवणार नाही, असं तृप्तीने सकाळीच सांगून टाकलं होतं. विहिरीवरचा नायलॉनचा दोर तिने घरून पिशवीत घालून आणला होता. त्यांच्याकडे लेकरू पोहायला शिकतं ते असंच. पाठीला रिकामा डबा, कमरेला दोर, आणि वर दोर धरून उभं असलेलं आपलं माणूस. तृप्ती स्वतःही तशीच शिकली होती.

"ताई, धरा, पण ताणू नका," मोटरबोटीत चढता चढता सर म्हणाले. "होडी जाईल तसा सैल करत राहा. संपला की द्या सोडून."

"हो, हो," ती म्हणाली. सोडून देण्याचं तिने ऐकलंच नव्हतं.

दगडावर गोधडी आपटत बसलेल्या केशरबाईंनी मान वर केली. "काय गं तृप्ती, पाण्यात पोरगी सोडून राह्यली का म्हैस?"

"पोरगीच की, काकू."

"मंग दावं कशाला?"

शीड फुगलं. होडी निघाली. तृप्ती हात हात दोर सोडत गेली. लाइफ जॅकेटचे पट्टे तिने पुन्हा पुन्हा ओढून पाहिले होते, तरी आता वाटायला लागलं, प्रियदर्शनीच्या गळ्याजवळचा एक राहिला. त्या लेकराची आई कापूस वेचायला गेली होती. तिला काय सांगणार?

तेवढ्यात हरभऱ्याच्या रानाकडून वारा सुटला. पाण्यावर एक काळी सुरकुती पळत आली आणि होडी एकदम पुढे उसळली. दोर तळहातातून सरसर गेला. हात चरचरला. तृप्तीने मनगटाला वेढा दिला, टाचा चिखलात रोवल्या आणि गच्च धरला. विहिरीवर असंच करतात.

होडीला हिसका बसला. शिडात वारा भरलेला, मागून दोर ताणलेला. होडी एका अंगावर कलली आणि पाणी आत आलं.

"पायलताई, बुडलो!" प्रियदर्शनी किंचाळली.

"पायल, घट्ट धर!" तृप्ती काठावरून ओरडली. "काहीच सोडू नको!"

पायलच्या हातात शिडाची दोरी होती. तिने ती सोडून दिली.

 शीड मोकळं होऊन नुसतंच फडफडायला लागलं, आणि होडी डुलत डुलत सरळ झाली. आता वेळ घालवून चालणार नाही, असं वाटून तृप्तीने दोन्ही हातांनी ओढायला सुरुवात केली. होडीचा मागचा भाग दबला. तिथूनही पाणी यायला लागलं.

सरांनी मोटरबोट जवळ आणली होती. इंजिन चालू ठेवून ते पायलकडे बघत होते.

"ए, रडू नको," पायल प्रियदर्शनीला म्हणत होती. आवाज मोठा नव्हता, पण पाण्यावरून स्पष्ट ऐकू येत होता. "मधी सरक. अजून. बस खाली. तो प्लास्टिकचा मग घे अन् पाणी काढ." मग तिने काठाकडे तोंड केलं. "मम्मी, दोर सोड!"

"थांब, मी ओढून घेते तुला!"

"तू ओढून राह्यली म्हणूनच पाणी येऊन राह्यलं! भ्या वाटलं की सोडायचं असतंय, सरांनी शिकवलंय. मी सोडलं न्हाई का? तू बी सोड!"

घरी अंधारात मोरीपर्यंत जायला सोबत मागणारी ही पोरगी. तृप्ती तिच्याकडे बघत राहिली. होडीत ती ताठ बसली होती, एक हात सुकाणूवर.

मनगटाचा वेढा काढायला वेळ लागला. बोटं उघडेनात. शेवटी दोर निघाला, चिखलातून घसटत गेला आणि पाण्यात शिरला.

"प्रिया, मागचा दोर आत घे," पायल म्हणाली. तिने शिडाची दोरी पुन्हा धरली, हळूहळू आवळली. होडी चालू लागली. पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या बाभळीपर्यंत गेली, तिला वळसा घातला आणि परत फिरली. प्रियदर्शनी मांडीवर ओल्या दोराची वेटोळी घेऊन बसली होती आणि कशाला तरी हसत होती.

आपण चिखलात बसलो आहोत हे तृप्तीला तेव्हा कळलं. चांगल्या ड्रेसवर.

"बस, बस," केशरबाई म्हणाल्या. "गोधडीसंगं तुला बी आपटून काढते."

तृप्तीला हसू आलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. तोंडाला चिखल लागला.

काठाजवळ वारा पडला. पायलने शीड उतरवलं. होडी हातभर पुढे सरकून थांबली, काठ अजून लांब होता. पायलने प्रियदर्शनीच्या मांडीवरची वेटोळी उचलली आणि दोर भिरकावला. टोक तृप्तीच्या पायाशी येऊन पडलं.

"मम्मी, धर. आता ओढ."

तृप्ती उठली. तळहात चुरचुरत होता, तरी तिने दोर त्याच हातात घेतला.

"किती ओढू गं?"

"हळू. मी थांब म्हणेपर्यंत."