स्वरूपाच्या गॉगलमध्ये

२००६ च्या नाताळात शमिकाचा पासपोर्ट व्हिसाच्या मुदतवाढीसाठी जमा होता. इटलीतलं स्कीइंग तिला रद्द करावं लागलं. मैत्रीण स्वरूपा मात्र गेली. शमिका जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या घरात एकटीच जळफळत बसली.

परतल्यावर स्वरूपाने लॅपटॉपवर फोटो दाखवले.

"हे कुणी काढले गं?" शमिकाने विचारलं.

"नाटकं पुरे! बस सुटता सुटता धावत आलीस, आणि दिवसभर माझे फोटो काढलेस."

शमिकाने एक फोटो मोठा केला. स्वरूपाच्या काळ्या गॉगलमध्ये, हात लांब करून कॅमेरा धरलेली एक बाई दिसत होती. चेहरा शमिकाचाच होता.

त्या बाईकडे पाहून स्वरूपा मनापासून हसत होती. शमिकाकडे पाहून ती तशी कधीच हसली नव्हती.