कालिंदीचं गाऱ्हाणं

गावकीतल्या वडीलधाऱ्या धोंडूतात्यांनी नारळ हातात घेतला, तेव्हा कालिंदी पडद्यामागच्या खाटेवर टक्क जागी होती. बाहेर सगळ्यांना वाटत होतं, तिला झोप लागलीय. लालबागच्या त्या एवढ्याशा खोलीत सगळे गाववाले दाटीवाटीने उभे होते. तिच्यासाठीच देवाला गाऱ्हाणं घालायचं होतं.

वर्षभरात तिच्या छातीतल्या गाठीने परळच्या डॉक्टरांची दोन औषधं पचवली होती. पहिल्याने गाठ जरा दबली, मग दुप्पट जोमाने वर आली. दुसऱ्याला तर तिने भीकच घातली नाही, आणि परवाच्या फोटोत फुप्फुसावरही डाग दिसले. आता एक लाल रंगाचं जालीम औषध उरलं होतं. सोमवारी चढवू, डॉक्टर म्हणाले, पण खात्री देत नाही.

तिच्या नवऱ्याने, दत्तारामाने, तिला रविवारीच गावी न्यायचं ठरवून टाकलं होतं. निदान घरी निवांत डोळे मिटू देत, असं त्याचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता. दीड वर्ष गिरणीच्या संपात टिकला, शेवटी नोकरी गेली ती गेलीच, आणि तेव्हापासून लढायचं म्हटलं की तो विषय बदलायचा. कालिंदीचं तसं नव्हतं. गिरणीच्या गेटवर फुटीरांपुढे बांगड्या धरणारी बाई ती. तिला सोमवार हवा होता. पण तिला विचारतो कोण?

"बा देवा म्हाराजा," तात्यांनी सुरू केलं, "ह्या लेकरान खूप सोसल्यान. आता तेची सुटका कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळ्यांनी होकार दिला. त्यात दत्तारामही होता.

सुटका म्हणजे मरण, हे कालिंदीला लगेच कळलं. संपाच्या वेळी याच खोलीत याच तात्यांनी गिरण्यांसाठी गाऱ्हाणं घातलं होतं. तेव्हा देवाने कानाडोळा केला. पण या वेळी नेमकं ऐकलं तर? त्याचा काय भरवसा.

ती भिंतीला धरून उठली. धाप लागली, तरी तिने पडदा सारला.

"नाय म्हाराजा."

गाऱ्हाण्याला नाही म्हणायची रीत नाही. बाईने गाऱ्हाणं घालायचीही नाही. कालिंदीने तात्यांच्या हातातला नारळ सरळ काढून घेतला.

"बा देवा म्हाराजा, दोन औषधां हरली, पण मी हरूक नाय. सोमवारी तिसरा घेवचा आसा. तेच्यासाठी माका बळ दी रे म्हाराजा."

सगळे तात्यांकडे बघत होते आणि तात्या जमिनीकडे. होकार मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. तरी तिने नारळ खाली ठेवला नाही.

मग दाराकडून एकट्याचाच आवाज आला. संप मोडल्यापासून दत्तारामाचा इतका खणखणीत आवाज तिने ऐकला नव्हता.

"व्हय म्हाराजा."