घाणेरीचं कुंपण

सकाळच्या शांततेत बंबाचं झाकण खणकलं, आणि सासूबाईंच्या हातात माझा शेवटचा कागद दिसला. अभ्यासासाठी सड्याच्या कातळपठारावरची रानफुलं तीन पावसाळे वाळवून मी कागदांवर चिकटवली होती, नावांसकट. बाकीचे कागद केव्हाच बंबात जळले होते.

"वाळका पालापाचोळा गं," त्या म्हणाल्या. "पाणी मात्र छान तापलं."

मी कोयता आणि कुदळ घेऊन थेट परसात गेले. त्यांनी हौसेने लावलेली घाणेरी तिथे नारिंगी फुलली होती. वीस वर्षं जपलेलं कुंपण! जमिनीत बोटभर खाली मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं ठेवायचं, म्हणजे पुन्हा रुजत नाही. दहा झुडपं उलटी केली. सासूबाई दारात उभ्या राहून रडत होत्या. मला फार बरं वाटत होतं.

लेक जवळ येऊन बसली. "आई, का तोडतेस?"

"बाहेरून आलीय ही, बाळा. इथल्या झाडांची जागा खाते."

तिने उलट्या झुडपावरचं एक फूल खुडलं, माझ्या केसांत खोचलं.

"आजी म्हणते, तूपण बाहेरून आलीस. मग तू कुणाची जागा खाल्लीस?"